हॉटेलचं बिल, भागिले सहा: कुरबुरीतून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्या तासाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "प्रश्न तुमच्या आजूबाजूलाच असतो." खरं सांगायचं तर आजूबाजूला असते ती कुरबुर. तिचा प्रश्न कसा करायचा, हे मात्र फारसं कोणी बसून सांगत नाही. आज तेवढंच करून पाहू, आणि त्यासाठी घेऊ सगळ्यांच्या ओळखीची कुरबुर: मित्रमैत्रिणींबरोबर जेवल्यावर बिल कसं वाटायचं?

आमच्या लॅबमधले आम्ही सहाजण शुक्रवारी रात्री बाहेर जेवायला जायचो. बिल आलं की मी रक्कम ॲपमध्ये टाकायचे, भागिले सहा करायचे आणि ग्रुपवर आकडा पाठवायचे. पाच मिनिटांत सगळ्यांचे पैसे यूपीआयने जमा. सुट्ट्यांची भानगड नाही, "पुढच्या वेळी मी देतो" नाही. मला तर या व्यवस्थेचा अभिमानच होता.

मग आमच्यातला एकजण यायचा बंद झाला. कधी काम, कधी पोट बरं नाही. दोनेक महिन्यांनी कळलं की त्याची फेलोशिप थकली होती. तो खिचडी आणि ताक घ्यायचा, साधारण १५० रुपयांचं, आणि आमच्या स्टार्टर्स-मॉकटेल्ससकट ४०० च्या वर भरायचा. तो कधी बोलला नाही. मीही कधी विचारलं नाही.

इथपर्यंत ही नुसती हळहळ आहे. आता तिचे तुकडे करू.

पायरी १: कुरबुरीमागची यंत्रणा शोधा

"लोक स्वार्थी असतात" हे उत्तर नाही, तो शेरा आहे. त्याऐवजी आकडे मांडून पाहा. सहाजणांत बिल समान वाटायचं ठरलंय आणि मी २४० रुपयांची एक डिश जास्तीची मागवली. माझ्या खिशातून जातात ४० रुपये. उरलेले २०० बाकीचे पाचजण भरतात. म्हणजे ती डिश मला ६० रुपयांच्याच लायकीची वाटत असली, तरी मागवणं मला परवडतं. सहाहीजण असाच विचार करतात आणि शेवटी प्रत्येकजण स्वतःच्या मनाने केला असता त्याहून जास्त खर्च करून बसतो. माझ्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडतो, याला अर्थशास्त्रात बाह्यता म्हणतात.

आता आपल्याकडे गृहीतक आहे: समान वाटणीत माणसं जास्त मागवतात. हे तपासता येतं.

पायरी २: तुलना नेमकी करा

हे काम उरी नीझी, अर्नान हारूवी आणि हदास याफे यांनी इस्रायलमध्ये केलं. त्यांचा निबंध २००४ मध्ये 'द इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला. सहा-सहाजणांचे गट खऱ्या हॉटेलात जेवायला बसवले आणि बिल भरायचा नियम तेवढा बदलला. प्रत्येकाने आपापलं भरायचं, तेव्हा माणशी सरासरी बिल सुमारे ३७ शेकेल झालं. समान वाटणीत ते ५१ च्या आसपास गेलं. आणि सगळं बिल संशोधकांनी भरलं, तेव्हा ८२.

हे तीन आकडे पाहून आपण खूश होऊन थांबलो असतो. ते थांबले नाहीत, आणि माझ्या मते हाच या निबंधातला सर्वात शिकण्यासारखा भाग आहे. समान वाटणीत माणूस दोन गोष्टींच्या मध्ये सापडलेला असतो: डिश स्वतःला स्वस्त पडते, पण तिचा भार इतरांवर जातो. मग दुसऱ्याचा विचार करून तो थोडा तरी हात आखडतो का? हे वेगळं काढायला त्यांनी चौथी स्थिती तयार केली. प्रत्येकाने स्वतःच्या बिलाचा फक्त सहावा हिस्सा भरायचा, उरलेले पाच हिस्से संशोधक भरणार. खिशाला बसणारी झळ समान वाटणीइतकीच, पण शेजाऱ्यावर भार शून्य. इथे सरासरी आली ५७ च्या आसपास.

५१ आणि ५७. फरक दिसतो, पण तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. म्हणजे इतरांवर भार पडतोय म्हणून लोकांनी हात आखडला, असा ठोस पुरावा मिळाला नाही. इथे एक सावधगिरी वहीत लिहून ठेवा: नमुना लहान असताना "लक्षणीय फरक मिळाला नाही" याचा अर्थ "फरक नाहीच" असा होत नाही.

आणखी एक गंमत. त्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी आपापलं बिल भरण्यालाच पसंती दिली. आपल्या भाषेत, टीटीएमएम. तू तुझं, मी माझं.

पायरी ३: हा निष्कर्ष कोणाबद्दल आहे?

त्या टेबलावरची माणसं एकमेकांच्या ओळखीची नव्हती. आम्ही सहाजण रोज एका खोलीत बसतो. मग तो निष्कर्ष आम्हाला लागू होतो का?

मानसशास्त्रज्ञ मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्ये नात्यांचे दोन प्रकार मांडले. देवघेवीच्या नात्यात दिल्याची परतफेड अपेक्षित असते. आपुलकीच्या नात्यात गरज पाहून दिलं जातं आणि हिशेब ठेवणं उलट खटकतं. २०१९ मध्ये टॅमी किम, टिंग झँग आणि मायकेल नॉर्टन यांनी हाच धागा पेमेंट ॲपपर्यंत आणला. अमेरिकेतल्या व्हेन्मो या ॲपवर गोल रकमा पाठवणारा माणूस आणि सेंटपर्यंत नेमकी रक्कम पाठवणारा माणूस अशी तुलना केली, तर लोकांना नेमकेपणा कोतेपणाचा वाटला.

आता आमचं टेबल पुन्हा पाहा. एका निबंधानुसार समान वाटणी महागात पडते. दुसऱ्यानुसार नेमका हिशेब नात्याला खुपतो. आमचा मित्र या दोन्हींच्या मधे अडकला होता.

पायरी ४: तंत्रज्ञानाने नेमकं काय बदललं?

"यूपीआयमुळे बिल वाटणं सोपं झालं" असं आपण सहज लिहून जातो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांत १३७ रुपये देणं १०० रुपये देण्याइतकंच सोपं झालं. पण सोपं झालं ते पैसे *देणं*. "मी कमी खाल्लंय, माझे कमी धरा" हे *म्हणणं* सोपं झालं का?

आमच्या ॲपमध्ये पदार्थागणिक वाटणीचा पर्याय पहिल्यापासून होता. मी तो कधी दाबला नाही, कारण समान वाटणी आधीच निवडलेली असायची. तो पर्याय मागणं म्हणजे सगळ्यांसमोर आपली अडचण सांगणं. अडथळा गणिताचा नव्हताच.

पायरी ५: जो डेटात नाही, त्याला मोजा

समजा तुम्ही आमच्या ॲपमधल्या नोंदी घेऊन अभ्यास केलात. काय दिसेल? दर शुक्रवारी सगळे पैसे वेळेवर जमा, एकही वाद नाही. निष्कर्ष: समान वाटणी उत्तम चालते. कारण ज्याला ती चालत नव्हती, तो जेवायलाच आला नाही, आणि न आलेल्याची नोंद कुठलंच ॲप ठेवत नाही. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. पुस्तकात मी तो तीनदा वाचला होता. समजला तो त्या दोन महिन्यांनंतर.

म्हणून आता प्रश्न असा मांडता येतो: ॲपमध्ये पदार्थागणिक वाटणी आधीच निवडलेली असेल, तर समान वाटणीच्या तुलनेत कमी उत्पन्नाचे विद्यार्थी गटासोबत जेवायला येत राहतात का? यात बदलायची गोष्ट एक आहे, तुलना स्पष्ट आहे, आणि मोजायचं आहे ते किती रुपये हे नव्हे, तर कोण परत येतं हे. उत्पन्नाची माहिती खासगी असते, त्यामुळे संमती आणि गोपनीयतेचा विचार पहिल्याच दिवशी करायला हवा.

सराव म्हणून तुमच्या मेसची, रूमच्या भाड्याची किंवा ट्रिपच्या काँट्रीची एक कुरबुर घ्या आणि या पाच पायऱ्यांतून न्या. शेवटच्या पायरीवर जास्त वेळ थांबा.

आमचा मित्र आता पुन्हा येतो. बिल आलं की मी आधी पदार्थागणिक वाटणीचा पर्याय दाबते, कोणी मागायच्या आत. एका टेबलावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मला माहीत आहे. पण प्रश्न काढता येतो.