‘आरएम’ चालवण्याआधी

१९७१ पासून युनिक्समध्ये असलेली ही कमांड फाइल थेट पुसते. कचरापेटी नाही, भरवसा बॅकअपचाच.

• छोटा ‘आय’ पर्याय दर फाइलला विचारतो. ग्नू आवृत्तीतला मोठा ‘आय’ तीनपेक्षा जास्त फाइली असल्यास एकदाच विचारतो.

• ‘रीड-ओन्ली’ फाइलही पुसली जाते. पुसण्याची परवानगी फाइलची नव्हे, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिची लागते. लिनक्सवर ‘चॅटर’ने ‘इम्युटेबल’ केलेली फाइल मात्र, ती खूण काढेपर्यंत, रूटलाही पुसता येत नाही.

• तारांकन आणि ‘.टीएक्सटी’मध्ये चुकून स्पेस पडली, की चालू डिरेक्टरीतल्या सगळ्या दृश्य फाइली जातात. तोच नमुना आधी ‘एलएस’ला देऊन यादी पाहावी.

• १९९८ : पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली याच कमांडने पुसल्या गेल्या. बॅकअपही सदोष निघाला. चित्रपट वाचला तो एका कर्मचारी महिलेच्या घरच्या प्रतीमुळे.