जर्मनीतील वार्धक्य : विमा किती देतो, पदरचे किती जाते

जर्मनीविषयी आपल्या लोकांत दोन समज एकाच वेळी, आणि पुष्कळदा एकाच घरात, सुखाने नांदत असतात. पहिला असा की, तिकडे म्हातारपणाचा सगळा भार सरकार वाहते. दुसरा असा की, तिकडची मुले आईबापांना वृद्धाश्रमात पोचवून नाताळला एक भेटकार्ड धाडतात आणि मोकळी होतात. म्युनिक-स्टुटगार्टकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही हे ऐकू येते, तेव्हा केवळ दूरच्या डोंगराचा हा दोष आहे असे म्हणण्याचीही सोय नाही.

दुसरा समज आधी घेऊ, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. 2023 च्या अखेरीस शुश्रूषेची गरज अधिकृतपणे मान्य झालेली सुमारे 57 लाख माणसे जर्मनीत होती. त्यांपैकी 86 टक्के आपापल्या घरीच राहत होती, आणि सुमारे 31 लाखांची उस्तवार प्रामुख्याने घरचीच माणसे करीत होती. शुश्रूषागृहात कायमचे राहणारे शंभरांत चौदा. ऐंशीच्या नवऱ्याला उठवून बसवणारी पंचाहत्तरीची बायको आपल्याइतकीच तिथेही घरोघर सापडते.

पहिला समज मात्र चिवट आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. 1995 साली, नोर्बर्ट ब्ल्यूम हे कामगारमंत्री असताना, शुश्रूषा विमा सक्तीचा झाला. मालकांवर पडणाऱ्या बोजाची भरपाई म्हणून नोव्हेंबरातील प्रायश्चित्त व प्रार्थनेच्या बुधवारची सार्वजनिक सुट्टी बहुतेक राज्यांनी रद्द केली. एकट्या सॅक्सनीने ती राखली आणि तिथला नोकरदार त्यापायी आजतागायत हप्त्याचा मोठा वाटा स्वतः भरतो. 2025 मध्ये हा हप्ता वेतनाच्या 3.6 टक्के आहे, निपुत्रिकास 4.2; आणि ज्याला अधिक मुले त्याला, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत, काही सूट. परंतु हा विमा मुळातच अपुरा आखलेला आहे. तो ठरीव रक्कम देतो, झालेला खर्च देत नाही, आणि या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक कुटुंबांचे हिशेब फसतात.

रक्कम ठरते ती श्रेणीवरून. 2017 पासून पाच श्रेण्या आहेत, आणि श्रेणी ठरवण्यासाठी वैद्यकीय सेवेचा तपासनीस बहुधा घरी येतो. हा प्रसंग जवळून पाहण्याजोगा असतो. आजीबाई त्या दिवशी ठेवणीतला स्वेटर घालतात, पाहुण्यासाठी केक कापतात, आणि "आंघोळ स्वतः जमते ना?" या प्रश्नाला "जमते की" असे ठसक्यात उत्तर देतात, लेक तीन आठवडे आंघोळ घालते आहे हे परक्यापुढे सांगणे त्यांच्या जिवावर येते. आता गंमत अशी की, गुणांकनात सर्वांत मोठा भार, 40 टक्के, नेमका या स्वतःचे स्वतः करण्यावरच आहे. 27 गुणांच्या खाली राहिलेल्याला दुसरी श्रेणी नाही, आणि घरच्यांनी केलेल्या सेवेबद्दल मिळणारा रोख भत्ता दुसऱ्या श्रेणीपासूनच सुरू होतो. 2025 मध्ये तो महिना 347 युरो आहे, पाचव्या श्रेणीत 990. म्हणून जाणते लोक पंधरा दिवसांची टिपणवही ठेवतात, तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहतात, आणि निर्णय न पटल्यास एका महिन्याच्या आत हरकत नोंदवतात. स्वाभिमानाचा मोबदला कोणतेही खाते देत नाही.

तिसरा घोटाळा शब्दांचा आहे. 'सेवायुक्त निवास', ज्याला तिथे बेट्रॉयटेस वोनेन म्हणतात, तो आणि शुश्रूषागृह या दोन निरनिराळ्या चिजा आहेत. पहिल्यात माणूस भाडेकरू असतो: सदनिकेचे भाडे, त्यावर दरमहा एक ठरीव सेवाशुल्क, मग सेवा वापरा वा न वापरा. त्या शुल्कात संकटसमयीची घंटा, इमारतीचा रखवालदार, चौकशीला कोणी माणूस, एवढेच बहुधा येते. आंघोळ घालणे, औषध देणे, जेवण आणणे यांचा करार वेगळा आणि पैसेही वेगळे. या नावाची सबंध देशाला लागू अशी कायदेशीर व्याख्या नाही. एक मानक आहे, पण ते ऐच्छिक. त्यामुळे सही करण्यापूर्वी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा: उद्या स्मृतिभ्रंश झाला तर येथे राहता येईल की सामान उचलावे लागेल? औग्सबुर्गच्या फुगरायमध्ये वर्षाचे भाडे 88 सेंट आहे हे वाचून भुलणाऱ्यास एवढेच सांगतो की, 1521 च्या त्या वसाहतीत शिरायला गरजू, औग्सबुर्गचा आणि शिवाय कॅथलिक असावे लागते.

शुश्रूषागृहाचा आकडा तर डोळे पांढरे करणारा आहे. 2025 च्या मध्यास पहिल्या वर्षी रहिवाशाच्या पदरचे सरासरी 3,100 युरोंच्या आसपास दरमहा जात होते, आणि तेही विम्याने आपला वाटा दिल्यानंतर. त्यात शुश्रूषेचा उरलेला खर्च, निवास-भोजन व इमारतीची गुंतवणूक हे सगळे येते. शुश्रूषेच्या भागावर पहिल्या वर्षी 15, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50 व पुढे 75 टक्के सवलत मिळते. भोजन आणि भाड्यावर मात्र काही नाही.

मग घरदार विकायचे? मुलांच्या पगारावर टाच? हाही अर्धवट समज. मिळकत अपुरी पडल्यास समाजकल्याण कचेरी उरलेला खर्च उचलते. एकट्या माणसास 10,000 युरोंची शिल्लक राखता येते. पतिपत्नींपैकी एक ज्यात राहतो ते माफक आकाराचे घर सहसा सुरक्षित असते. आपल्याकडील 2007 च्या कायद्याप्रमाणेच जर्मन दिवाणी कायद्यातही आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे खरी. पण 2020 पासून वर्षाचे एकूण उत्पन्न 1 लाख युरोंच्या वर असलेल्या मुलाकडूनच कचेरी वसुली करू शकते, आणि या हिशेबात सुनेचा किंवा जावयाचा पगार धरला जात नाही.

पुण्याहून आईबापांना कायमचे नेऊ पाहणाऱ्यांनी पुढचे लक्षपूर्वक वाचावे. 1 मार्च 2024 पासून किंवा त्यानंतर कुशल कामगार म्हणून प्रथमच परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना, तसेच सासूसासऱ्यांना, बोलावण्याची वाट खुली झाली. अट अशी की त्यांचा निर्वाह व आरोग्य विमा यांची तजवीज स्वतःची हवी. पंचावन्नच्या पुढे नव्याने सार्वजनिक आरोग्य विम्यात शिरणे सामान्यतः जमत नाही. शिवाय शुश्रूषा विम्याचा लाभ मिळण्यासाठी गेल्या दहा वर्षांत किमान दोन वर्षे विमेदार असावे लागते. विमानतळावर उतरलेल्या आजोबांना पहिल्या दिवसापासून भत्ता मिळेल, ही आशा म्हणूनच बाळगू नये.

मदत शोधायची ती कोठे? बहुतेक राज्यांत जिल्ह्यागणिक शुश्रूषा सल्लाकेंद्रे, प्फ्लेगेश्टुट्झपुंक्ट, आहेत. सल्ला विनामूल्य असतो. कारितास, डियाकोनी, आर्बायटरवोलफार्ट, जर्मन रेड क्रॉस या संस्थांची घरपोच सेवापथके आहेत आणि चाकांवरून येणारे दुपारचे जेवणही. घरात शुश्रूषा चालू असेल तर कठडे, उंबरा काढणे, न्हाणीघराची दुरुस्ती यांसाठी 4,180 युरोंपर्यंत अनुदान आहे. घरी राहणाऱ्यास पहिल्या श्रेणीपासूनच महिना 131 युरो घरकामाच्या मदतीसाठी मिळू शकतात, ते पुष्कळांनी मागितलेलेच नसतात.

आणि एक तारीख ध्यानात ठेवा. लाभ सुरू होतो तो गरज निर्माण झाली त्या दिवसापासून नव्हे, ज्या महिन्यात अर्ज पोचला त्या महिन्यापासून. अर्जाला ठरावीक नमुना लागत नाही; आरोग्य विम्याच्या कचेरीतच शुश्रूषा विम्याचे खाते असते, आणि तिथे दूरध्वनीवर नाव-पत्ता सांगून तोंडी मागणी केली तरी चालते. कागद मागाहून येतात, निर्णयाची मुदत साधारणपणे 25 कामकाजाच्या दिवसांची. दूरध्वनी मात्र महिना उलटण्यापूर्वी करा.