वजनकाटा, वर्क फ्रॉम होम आणि पडघा

कोरोना गेला, मास्क गेले, ऑफिसं पुन्हा भरली. पण लॉकडाऊननं आपल्या शरीराला, ताटाला आणि डोक्याला लावलेल्या सवयी? त्यांचं काय?

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार. सकाळचे दहा वाजून गेलेत. तुम्ही बेडवर लॅपटॉप घेऊन बसलाय, वर फॉर्मल शर्ट, खाली बर्म्युडा. बॉस स्क्रीन शेअर करतोय... आणि फटकन् सगळं बंद! पंखा बंद, वायफाय बंद, बॉस बंद. आधी वाटलं आपल्याच घरचा फ्यूज गेला. मग कळलं, मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडेच अंधार! लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या.

त्या दिवशी बातम्यांमध्ये एक नाव सारखं येत होतं. पडघा. कळवा आणि पडघ्यादरम्यानच्या ४०० केव्ही वीजवाहिन्या बंद पडल्या आणि अख्ख्या महानगराचं वर्क फ्रॉम होम ठप्प झालं. भिवंडी तालुक्यातलं, मुंबई-नाशिक हायवेवरचं हे गाव तोवर आपल्याला एकाच गोष्टीसाठी माहीत होतं, टोलनाका! पण चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटरचा प्रवास करून याच पडघ्यात उतरते आणि मग आपला एसी, आपला फ्रिज, आपलं झूम कॉल चालतं, हे किती जणांना ठाऊक होतं?

मी त्या दिवशी खाली दूध आणायला गेले. लिफ्ट बंद. चौथा मजला चढून वर आले तेव्हा धाप लागली होती. पंचविशीही न गाठलेली मुलगी, चार जिने आणि ही हालत! त्या दिवशी वीज संध्याकाळपर्यंत आली. माझ्या पायातली वीज कधी गेली होती, याचा पत्ता मात्र मला तोवर नव्हता.

लोकल बंद, पावलं बंद

लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी खापर फोडलं ते जिमवर. राज्यातल्या मोठ्या शहरांतल्या जिम मार्च २०२०च्या मध्यावर बंद झाल्या, त्या उघडल्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. सात महिने! पुन्हा एप्रिल २०२१मध्ये शटर खाली. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जण नेमानं जिमला जात होते? वर्षाची फी भरून जानेवारीत आठ दिवस जाणारेच जास्त.

आपला खरा व्यायाम होता तो प्रवासात. घरापासून रिक्षा स्टँड, स्टेशनचा पूल, दादरचा जिना, चौथी सीटही न मिळता उभ्यानं काढलेला पाऊण तास, उतरल्यावर ऑफिसपर्यंतची पायपीट. व्यायाम म्हणून नाही, नाइलाज म्हणून. लोकल बंद झाली तेव्हा आपण जाम खूश होतो, रोजचे दोन-तीन तास वाचले म्हणून. सामान्य प्रवाशांना ठरावीक वेळेत लोकल मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ला. एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि मग दोन डोसवाल्यांसाठी १५ ऑगस्टपासून सुरू. म्हणजे जवळपास दीड वर्ष आपलं रोजचं चालणं बेड ते किचन, किचन ते बेड एवढ्यावर आलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. २०२०मध्येच एका आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सर्व्हेच्या पहिल्या हजारभर उत्तरांतून दिसलं, की लोकांचं रोजचं बसणं सुमारे पाच तासांवरून आठ तासांवर गेलंय. खाणंही बिघडलंय. आणि याची किंमत साधी नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या ४८,४४० कोरोना पेशंट्सचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या आधी नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत अजिबात हालचाल नसलेल्यांना हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायची शक्यता दुपटीहून जास्त निघाली.

डालगोना ते डिजिटल वजनकाटा

आता ताटाकडे वळू. आठवतोय तो पहिला महिना? डालगोना कॉफी फेटून फेटून हात दुखले (तोच काय तो व्यायाम!). मग घरची पाणीपुरी, घरची जिलेबी, कुकरमधला केक. फोटो टाकला नाही तर पदार्थ केलाच नाही असा हिशेब. पार्लेजीनं तर त्या काळात विक्रीचा विक्रम केला. दुसरीकडे आयुष मंत्रालयाच्या सूचना आल्यावर घरोघरी काढ्याची पातेली चढली. सकाळी काढा, दुपारी केक, रात्री अपराधी भावना. हा होता आपला डाएट प्लॅन.

गोची झाली ती इथेच. पहिले दोन महिने खाऊन झाल्यावर जोक्स सुरू झाले. लॉकडाऊन उघडल्यावर दारातून बाहेर कसे पडणार, जीन्स ओळखेल का वगैरे. हसलो आपण. आणि मग गुपचूप ऑनलाइन वजनकाटा मागवला.

मीही मागवला. रोज सकाळी काट्यावर, मग दिवसातून दोनदा. चपात्या मोजायला लागले, तीनच्या दोन, दोनची एक. 'ऑफिसचं काम आहे, नंतर जेवते' असं आईला सांगून ताट झाकून ठेवायचे. रात्री एक वाजता किचनमध्ये उभ्यानं शेवेचं अख्खं पाकीट संपवायचे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय फिटनेस फ्रीक झालीय पोरगी! वजन उतरलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी विचारलं नाही, की तू नीट झोपतेस का? चिडचिड का होते तुझी?

यामागचं सायन्स जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन उतरलंच, पण डोकंही फिरलं. दिवसभर खाण्याचेच विचार, उदासी, चिडचिड. आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर अनेकांचं खाण्यावरचं नियंत्रण सुटलं. तात्पर्य काय, तर उपाशी मेंदू शहाण्यासारखा वागत नाही. शेवेच्या पाकिटाला दोष देण्यात अर्थ नव्हता. कोरोनाच्या पहिल्या वर्षात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये खाणं तोडल्यामुळे दाखल कराव्या लागलेल्या किशोरवयीन मुलांची संख्या दुपटीहून जास्त झाली होती. म्हणजे ही काही माझी एकटीची नाटकं नव्हती.

डोक्याला शॉट

तिसरा कोपरा मनाचा. रोज संध्याकाळी येणारे आकडे, नोकरी राहणार की जाणार हे टेन्शन, पगारकपात, कुणाचे बाबा ऑक्सिजनवर, कुणाची आजी गेली आणि शेवटचं दर्शनही नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२१ला आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की एकट्या २०२०मध्ये जगभरात नैराश्याचे सव्वापाच कोटींहून जास्त आणि अतिचिंतेचे साडेसात कोटींहून जास्त जादा रुग्ण वाढले. सर्वांत जास्त फटका बायकांना आणि तरुणांना. म्हणजे आपल्याला!

आणि या तीन गोष्टी सुट्या नाहीत, ही खरी मेख आहे. हालचाल थांबली की झोप बिघडते. झोप बिघडली की मूड जातो. मूड गेला की हात फ्रिजकडे जातो. खाल्लं की गिल्ट येतं, गिल्ट आलं की उद्यापासून कडक डाएट. आणि अर्धपोटी माणसाला चालायला जायचा उत्साह कुठून येणार? चक्र पुन्हा सुरू. यातलं एक चाक अडकलं की बाकीची दोन अडकतात. पण बरी बातमी अशी, की एक सोडवलं की बाकीचीही सैल व्हायला लागतात.

टोलनाक्याच्या पलीकडे

हा लेख लिहायला घेतला आणि एका सकाळी पडघ्याला गेले. म्हटलं, जिथून आपली वीज येते आणि जिथल्या पट्ट्यातून आपली पार्सलं येतात, ते गाव बघू तरी. हायवेच्या दोन्ही अंगाला गोदामंच गोदामं. मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून भिवंडीत गोदामं वाढली. २०१७मध्ये जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. माझा वजनकाटा, तुमचे डंबेल्स, कुणाचा योगा मॅट, यातलं बरंचसं या भिवंडी पट्ट्यातूनच आपल्या दारात आलं असणार.

ज्यांनी ते उचललं, त्यांना वर्क फ्रॉम होम नव्हतं. त्यांची पावलं मोजायला घड्याळ लागत नव्हतं. पण दिवसभर खोकी उचलणं म्हणजे व्यायाम का? संशोधक याला विरोधाभास म्हणतात. मोकळ्या वेळेत, मनाजोगता केलेला व्यायाम तब्येतीला मानवतो. विश्रांतीशिवाय तासन् तास केलेल्या अंगमेहनतीचा तसा फायदा दिसत नाही. म्हणजे आपल्याला हालचाल कमी पडली आणि त्यांना आराम.

आणि मे २०२०? याच हायवेवरून डोक्यावर बोचकं, कडेवर पोर घेऊन माणसं चालत होती. मुंबई-ठाण्याहून नाशिकच्या दिशेनं, पुढे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. भर उन्हात, शेकडो किलोमीटर. त्याच दिवसांत मी घरात पावलांचं ॲप टाकून हॉलमध्ये गोल गोल फिरत होते आणि आकडा दहा हजार झाला की स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवत होते. पडघ्याच्या टपरीवर चहा पिताना ते आठवलं आणि खरंच लाज वाटली. पण मग वाटलं, लाज हा काही उपाय नाही. ताटाची लाज बाळगून एक वर्ष घालवलंच होतं की! चालायला रस्ता, खायला ताटात अन्न आणि थकल्यावर टेकायला जागा, हे तिन्ही आपल्याकडे आहे, तर निदान त्याची शिक्षा करून घेऊ नये. एवढं कळलं तरी टोल वसूल.

मग आता?

आता हायब्रिड आलंय. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. पण घरच्या दोन दिवसांत आपण अजूनही २०२०मध्येच राहतो. २०२४मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के. त्यामुळे माझ्यापुरता मी ठरवलेला फंडा देते. पटला तर घ्या.

• घरून काम असलं तरी 'ऑफिसला जा'. लॉगिनआधी वीस मिनिटं आणि लॉगआउटनंतर वीस मिनिटं बाहेर चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. हिशेब आपोआप जुळतो.

• पाऊस असेल, जागा नसेल तर सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभरेक वर्षांपूर्वी त्यांचा धडाक्यात प्रचार केला. एका चटईची जागा पुरते, मेंबरशिप लागत नाही.

• जेवण चुकवू नका. सकाळी पोहे, दुपारी डबा, रात्री वरण-भात. लॅपटॉप बंद करून, बसून. रात्रीचा फ्रिज बऱ्याचदा दुपारच्या न खाल्लेल्या डब्याची वसुली असते.

• 'चीट डे', 'पाप', 'शिक्षा' हे शब्द ताटावरून हद्दपार. पुरणपोळी हा गुन्हा नाही.

• कुणाला भेटल्यावर पहिलं वाक्य 'बारीक झालीस गं!' किंवा 'सुटलास रे!' नको. 'कसा आहेस?' हे जास्त चांगलं वाक्य आहे, उत्तर ऐकायची तयारी असेल तर.

• खाण्याचे विचार पाठ सोडत नसतील, उलट्या काढाव्याशा वाटत असतील, आठवडेच्या आठवडे मन उदास असेल तर डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, नंबर १४४१६. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी उशिरा गेले, तुम्ही लवकर जा.

माझा वजनकाटा सध्या माळ्यावर आहे. आईनं परवा विचारलं, भंगारात देऊ का? म्हटलं, दे. संध्याकाळी ऑफिसहून आले तेव्हा लिफ्टमध्ये दोघंतिघं उभे होते. मी जिना घेतला. चौथ्या मजल्यावर धाप लागली, पण थोडीच. वर आईनं ताट वाढलं होतं. तीन चपात्या होत्या. मोजल्या नाहीत, नंतर तिनंच सांगितलं.