शेन तेचा चुलतभाऊ

'नाही' म्हणायला जमतच नाही? मग सेझुआनच्या या बाईला भेटाच!

एक कबुली देऊन टाकते. माझ्या फ्रीलान्सिंगला एक 'अकाउंट्स डिपार्टमेंट' आहे आणि त्यात स्टाफ एकच, मी स्वतः! पैसे मागायची वेळ आली की माझी बोबडी वळते. 'सावकाश द्या हो,' असं मीच म्हणते आणि महिनाअखेरीला रूमच्या भाड्यासाठी आईला फोन लावते. एका क्लायंटनं चार महिने लटकवल्यावर मी वेगळा मेल आयडी उघडला आणि 'डिपार्टमेंट'च्या नावानं एक कडक मेल ठोकला. आठ दिवसांत पैसे जमा!

मग बर्टोल्ट ब्रेख्तचं 'द गुड पर्सन ऑफ सेझुआन' वाचलं आणि उडालेच. माझी आयडिया या माणसानं केव्हाच वापरली होती!

कोण ही शेन ते?

हिटलर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडलेल्या ब्रेख्तनं परागंदा असताना हे नाटक लिहिलं. पहिला प्रयोग झाला १९४३ मध्ये, झुरिकला. 'तीन पैशाचा तमाशा'मुळे ब्रेख्त आपल्या ओळखीचा आहेच. या नाटकावरूनही व्यंकटेश माडगूळकरांनी 'देवाजीने करुणा केली' लिहिलं.

तर गोष्ट अशी. तीन देव चांगला माणूस शोधत सेझुआनला येतात. त्यांना रात्रीपुरता आसरा देते ती फक्त शेन ते, शरीर विकून पोट भरणारी एक मुलगी. देव खूश होऊन हजारावर चांदीचे डॉलर देतात आणि म्हणतात, अशीच चांगली राहा. ती तंबाखूचं छोटं दुकान घेते. झालं! आठ जणांचं एक कुटुंब येऊन ठाण मांडतं, सुतार फळ्यांचे शंभर डॉलर मागतो, घरमालकीण सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागते. दुकान बुडायला लागतं. तेव्हा अचानक उगवतो तिचा चुलतभाऊ, शुई ता. हिशेबी, रोखठोक, कुणाचीही भीड न ठेवणारा. तो सगळ्यांना सरळ करतो. अर्थात, मुखवट्यामागे असते शेन तेच.

मुखवटा मोठा होतो तेव्हा

आधी हा भाऊ अडीअडचणीपुरता येतो. मग ती यांग सुन या बेकार वैमानिकाच्या प्रेमात पडते, त्याला तिचे पैसे हवे असतात आणि तिला दिवस राहतात. आता बाळासाठी म्हणून शुई ता मुक्कामच ठोकतो. तंबाखूचा कारखाना काढतो, कालपर्यंत शेन तेकडे जेवणाऱ्यांना तिथे राबवतो. त्याचं पोट सुटत चाललंय, शेठ सुखावलाय, असं लोकांना वाटतं. खरं तर ते तिचं बाळ असतं! मला इथे गलबललं. तिच्या कठोरपणाच्या पोटात तिची मायाच वाढत होती.

शेवटी शेन तेच्या खुनाचा आळ शुई तावर येतो. न्यायाधीश बनून आलेल्या देवांपुढे ती मुखवटा उतरवते. चांगलंही राहायचं आणि जगायचंही, हे कसं जमवू, एवढाच तिचा सवाल. देव काय म्हणतात? भावाला महिन्यातून एकदा बोलव, पुरे! आणि ढगावर बसून चक्क सटकतात. पडद्यापुढे येऊन एक नट प्रेक्षकांनाच सांगतो, शेवट तुम्हीच शोधा.

ब्रेख्त शेन तेला दोषी ठरवत नाही. चांगुलपणा इतका महाग का, असं तो विचारतो.

आणि माझं डिपार्टमेंट?

गेल्या वर्षी मी एका मैत्रिणीच्या बेकरीची जाहिरात लिहून दिली. पैसे रखडले. डिपार्टमेंटनं तिलाही तोच कडक मेल टाकला. पैसे त्याच संध्याकाळी आले, पण नंतर तिचा फोन कधी आला नाही. तेव्हा तिचे बाबा हॉस्पिटलमध्ये होते, हे मला दुसरीकडून कळलं. मी स्वतः फोन केला असता तर आधी 'कशी आहेस?' म्हटलं असतं. डिपार्टमेंटला तेवढंच येत नाही.

तो आयडी मी बंद केलेला नाही. भाडं तर भरायचंच आहे, बॉस! पण आता खाली सही माझ्या नावाची असते. लिहिताना घाम फुटतो, तरी जमतं.

त्या मैत्रिणीला फोन करायचा राहिलाय. हा लेख पाठवला की पहिला तोच.

तुमचा चुलतभाऊ कोण? आणि महिन्यातून किती वेळा येतो?