दुधाचे मडके आणि चेटकिणीची भट्टी

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी १८१२ च्या डिसेंबरात आपल्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’ या कथेत मुलांना रानात सोडून येण्याचा आग्रह नवऱ्यापाशी धरणारी बाई ही त्यांची सख्खी आई होती. पुढे हा संग्रह मुलांच्या हाती अधिकाधिक पडू लागला, त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या आणि १८४० च्या चौथ्या आवृत्तीत त्या आईची सावत्र आई झाली. घरातले दारिद्र्य मात्र बदलले नाही. उलट नंतरच्या पाठात देशभर पसरलेल्या महागाईचाही उल्लेख आला. चार तोंडांना पुरेल एवढी भाकरी नाही, दोन तोंडे कमी झाली तर उरलेली दोन जगतील, हा हिशेब कथेच्या आरंभीच मांडलेला असतो आणि खाऊच्या घरात राहून मुलांना खाणारी चेटकीण त्याच हिशेबाचे विक्राळ रूप आहे. त्यामुळे बालप्रेक्षकांसाठी या कथेचे रूपांतर करणाऱ्याने चेटकीण किती भयानक दाखवली, यापेक्षा त्याने भुकेचे काय केले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक झालेले रूपांतर म्हणजे एंगेलबर्ट हुम्परडिंक (१८५४–१९२१) या संगीतकाराचा ऑपेरा. हुम्परडिंकने तरुणपणी बायरॉइट येथे रिखार्ड वाग्नरला ‘पार्सिफाल’च्या तयारीत साहाय्य केले होते. १८९० मध्ये त्याची बहीण आडेलहाइड व्हेट्टे हिने घरच्या मुलांनी करायच्या एका नाटुकल्यासाठी त्याच्याकडे काही गाण्यांच्या चाली मागितल्या. त्या चालींतून आधी ‘झिंगश्पील’, म्हणजे गद्य संवाद आणि गाणी यांच्या आधारे पुढे सरकणारे नाटक तयार झाले आणि नंतर सारे संवाद गायले जाणारा, मोठ्या वाद्यवृंदाचा तीन अंकी ऑपेरा. २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारच्या दरबारी रंगमंदिरात रिखार्ड श्ट्राउसच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. नाताळच्या सुमारास मुलांसाठी परीकथेचे नाटक लावण्याची प्रथा जर्मन रंगभूमीवर तोवर रुजलेली होतीच. या ऑपेराने त्या प्रथेत जी जागा मिळवली ती आजही टिकून आहे. त्याचा उगम घरगुती होता, ही बाब गौण नाही. संहिता लिहिणारी बाई आपल्याच मुलांसाठी लिहीत होती आणि कोणती गोष्ट मुलांना सोसेल, हे तिला जवळून ठाऊक होते.

व्हेट्टेने कथेतील सर्वांत क्रूर घटना काढून टाकली. तिच्या संहितेत मुलांना कोणी टाकून देत नाही, त्यामुळे परतीच्या वाटेसाठी टाकलेले खडे आणि पाखरांनी टिपलेला भाकरीचा चुराही नाही. पडदा उघडतो तो खराटे बांधून विकणाऱ्या पेटरच्या झोपडीत. हेन्झेल खराटे बांधतो आहे, ग्रेटेल मोजा विणते आहे आणि दोघांच्या पोटात अन्न नाही. शेजारणीने दिलेले दुधाचे मडके तेवढे घरात आहे. आई परतली की त्याची तांदळाची खीर होणार, या आशेवर हेन्झेल बोटाने साय चाटून पाहतो, ग्रेटेल त्याच्या बोटांवर फटका मारते आणि कामे तशीच टाकून दोघे नाचू लागतात. दमूनभागून आलेली आई अर्धवट राहिलेले काम पाहून मारायला धावते आणि त्या झटापटीत मडके फुटते. संतापाने ती मुलांना टोपली देऊन रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते. मुले गेल्यावर मात्र लेकरांच्या तोंडात घालायला काही दे, अशी देवाची करुणा भाकत ती रडत रडत झोपी जाते. थोड्याच वेळात पेटर गात, झुलत येतो. त्या दिवशी विक्री चांगली झालेली असते आणि त्याच्या टोपलीतून लोणी, पीठ, अंडी, कांदे, बटाटे, कॉफी असे जिन्नस एकेक करून बाहेर निघतात.

येथे आईचा दोष सौम्य झाला, पण भूक सौम्य झाली नाही. उलट ती अधिक जवळ आली, कारण मडके फुटल्यावर घरात काय होते, हे समजायला बालप्रेक्षकाला कोणत्याही स्पष्टीकरणाची गरज लागत नाही. मूळ कथेतील थंड डोक्याने आखलेल्या बेताच्या जागी व्हेट्टेने दारिद्र्याने पिचलेल्या बाईचा क्षणिक उद्रेक ठेवला. ही तडजोड आहे, परंतु ती प्रामाणिक आहे.

दुसऱ्या अंकात मुले वेचलेली सारी फळे खेळता खेळता खाऊन टाकतात, अंधार पडतो आणि वाट चुकते. निजताना ती जी प्रार्थना म्हणतात, तिच्याच सुरांनी ऑपेराची नांदी आरंभी हॉर्न या वाद्यांवर सुरू झालेली असते. त्यानंतर चौदा देवदूत खाली उतरून मुलांभोवती उभे राहतात, तो प्रसंग संपूर्ण मूकाभिनयाचा असून तेथे फक्त वाद्यवृंद बोलतो. तिसऱ्या अंकात चेटकीण आपल्याच भट्टीत ढकलली जाते. ग्रिम बंधूंची मुले मोती आणि रत्ने घेऊन घरी परततात, तोवर तेथली बाई मेलेली असते. व्हेट्टेने धनही ठेवले नाही आणि मृत्यूही. त्याऐवजी चेटकिणीने आले-मसाल्याच्या जाड बिस्किटांत, म्हणजे जिंजरब्रेडमध्ये रूपांतरित केलेली मुले पुन्हा माणसांत येतात. ती गाऊ लागतात, पण कोणी स्पर्श करीपर्यंत त्यांचे डोळे मिटलेलेच राहतात. ग्रेटेल त्यांना हळुवार कुरवाळते आणि एकेकाचे डोळे उघडतात. हा वृंद बहुधा खऱ्या मुलांचाच असतो, त्यामुळे प्रेक्षागृहातील मुलांना आपल्याच वयाचा जमाव अखेरीस रंगमंचावर दिसतो.

परीकथेच्या या साऱ्या परंपरेलाच १९६० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बर्लिनमध्ये आव्हान मिळाले. फोल्कर लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ग्रिप्स थिएटरने चेटकिणी आणि राजपुत्र बाजूला सारून आजच्या मुलांचे घर, शाळा आणि मोठ्यांची दांडगाई हे विषय प्रौढ नटांकरवी रंगमंचावर आणले. हाच विचार डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या थिएटर अकादमीत पोहोचला आणि १९८६ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी रूपांतरित केलेल्या ‘छान छोटे वाईट्ट मोठे’पासून मराठी ग्रिप्स नाट्यचळवळ सुरू झाली. ग्रिप्सचा आक्षेप गोंडस, झगमगीत नाताळनाटकांना नेमका लागू पडतो. व्हेट्टेच्या पहिल्या अंकाला तो तितकासा लागू पडत नाही, कारण तेथेही मोठ्यांच्या रागाचे कारण मुलांसमोर उघडपणे मांडलेले आहे.

अलीकडच्या दिग्दर्शकांना हा अंक पुन्हा महत्त्वाचा वाटू लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. रिचर्ड जोन्स यांनी वेल्श नॅशनल ऑपेरासाठी १९९८ मध्ये केलेल्या आणि २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेलेल्या प्रयोगात तिन्ही अंक स्वयंपाकघराभोवती फिरतात आणि देवदूतांच्या जागी प्रचंड डोक्यांचे चौदा आचारी येऊन मुलांपुढे मेजवानी मांडतात. लोराँ पेली यांच्या २००८ मधील ग्लाइंडबर्न येथील प्रयोगात झोपडी पुठ्ठ्याच्या खोक्यांची आणि चेटकिणीचे घर सुपरमार्केटच्या मालाचे आहे, म्हणजे अभाव आणि अतिरेक एकाच कथेत समोरासमोर उभे राहतात. मुलांसाठी तासाभराची संक्षिप्त आवृत्ती करताना झोपडीतील प्रवेश कापून लवकर रानात शिरण्याचा मोह होऊ शकतो. परंतु मडके फुटताना ज्या मुलांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी जोन्स यांची मेजवानी ही केवळ नेपथ्याची करामत उरेल आणि चेटकिणीच्या घराची भिंत तोडून खाण्याची हेन्झेलची घाई निव्वळ खादाडपणा ठरेल.