गोदाघाटावरील दैनंदिन जीवन आणि हौशी छायाचित्रण

छायाचित्रास योग्य विषय म्हणजे निसर्गदृश्य वा समारंभ, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या व १९४४ मध्ये नाशिक येथे निवर्तलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' या लघुपटासाठी निवडलेला विषय होता कुंडीत पेरलेला वाटाणा. एकेक चौकट अंतराने टिपून त्यांनी अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली.

नाशिकच्या हौशी छायाचित्रकारास असे सातत्य गोदाघाटावर सहज साधता येते. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणवाहिनी होते. त्यामुळे पंचवटी पूर्वेस व जुने नाशिक पश्चिमेस राहते. परिणामी सकाळचे तिरपे ऊन जुन्या नाशिकच्या काठावर, तर सायंकाळचे पंचवटीतील देवळांवर पडते. फुलांच्या टोपल्या, वाळत घातलेली धोतरे, पितळी तांबे यांना या उन्हात उठाव येतो. भर दुपारी तेच दृश्य सपाट भासते. अर्थात, अस्थिविसर्जनासाठी आलेले कुटुंब समोर असता कॅमेरा खाली घेणेच उचित होय. तेथे प्रश्न प्रकाशाचा नसतो.

दुतोंड्या मारुतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. पाणी मूर्तीच्या कमरेस, छातीस की मस्तकास लागले, यावरून नाशिककर पुराची तीव्रता ओळखतात. २०१६ व २०१९ च्या पुरांत ही मूर्ती पाण्याखाली गेली. अशा वेळी टिपलेल्या छायाचित्रात केवळ गढूळ पाणी दिसते. त्याच जागेवरून उन्हाळ्यात सहज घेतलेले, कोरड्या पायऱ्यांचे छायाचित्र शेजारी ठेवल्यावरच त्या पाण्याची उंची कळते.