राणीचा नवा घोडा आणि ‘वॉर हॉर्स’



उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे घरी आली की दुपारी त्यांना काय दाखवायचे, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच घरी असतो. यंदा आम्ही त्यांच्याबरोबर ‘वॉर हॉर्स’ पाहिला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा २०११ चा हा चित्रपट मायकेल मॉर्पर्गो यांच्या १९८२ च्या बालकादंबरीवर बेतलेला आहे.

कथा साधी आहे. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट ‘जोई’ नावाचे शिंगरू माणसाळवतो, त्याला नांगर ओढायला शिकवतो. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होते आणि पैशांच्या अडचणीमुळे वडील घोडा फौजेला विकतात. पुढे जोई कधी इंग्रजांकडे, कधी जर्मनांकडे, असा हातोहात फिरतो. दोन्ही फौजांच्या मधल्या जागेत तो काटेरी तारांत अडकतो, तेव्हा एक इंग्रज आणि एक जर्मन शिपाई मिळून त्याला सोडवतात. या प्रसंगी आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. त्या युद्धात ८० लाखांच्या आसपास घोडे, खेचरे आणि गाढवे मेली असा अंदाज आहे. शेवट आम्ही सांगत नाही.

चित्रपट संपल्यावर धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, राणीचा घोडापण असाच होता का?”

त्याला घेऊन आम्ही संध्याकाळी फूलबागेत समाधीवर गेलो. तिथला अश्वारूढ पुतळा आपण येता-जाता पाहतो, पण घोड्याची गोष्ट मुलांना क्वचितच सांगतो. राणी लक्ष्मीबाईंची घोड्यांची पारख नावाजलेली होती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही तिचा उल्लेख आहे. परंतु जून १८५८ मध्ये कोटा-की-सरायच्या लढाईच्या वेळी त्यांच्याकडे नेहमीचा घोडा नव्हता. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की नवा घोडा स्वर्णरेखा नाल्यापाशी अडला, उडी घेईना, आणि शत्रूने त्यांना गाठले. इंग्रजांच्या लिखाणात तपशील वेगळे आहेत.

नातू रागावला. “घोडा डरपोक होता!”

तसे नाही, हे त्याला समजावून सांगावे लागले. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. तोफेचा आवाज, धूर, रक्ताचा वास आला की त्याने उलट दिशेला धावावे, हाच त्याचा स्वभाव. पायाखालच्या पाण्याची खोली त्याला नीट कळत नाही, म्हणून नाल्यापाशी तो बिचकतोच. तरीही तो उडी घेतो ते पाठीवरच्या माणसावर भरवसा असेल तर. हा भरवसा रोजच्या खरारा-चाऱ्यातून आणि सरावातून येतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते रिकरिंग डिपॉझिट आहे, एका दिवसात भरता येत नाही. जोईपाशी ती वर्षे होती, राणीच्या नव्या घोड्यापाशी नव्हती. दोष ना घोड्याचा, ना राणीचा.

मग मोठ्या नातीने अवघड प्रश्न विचारला, “तेव्हा आपले महाराज कुठे होते?” आम्ही खरे तेच सांगितले. फौज तात्या टोपे आणि राणीला जाऊन मिळाली आणि जयाजीराव शिंदे आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा विषय निघाला की आपण चहा मागवतो. मुलांसमोर तसे करू नये, असे आम्हाला वाटते.

चित्रपटात लढाईची काही दृश्ये आहेत. लहान मुलांना एकटे बसवू नका, शेजारी बसा. नंतर त्यांना फूलबागेत न्या. जूनमध्ये बलिदान मेळा भरतो, तेव्हा नेले तर फारच उत्तम. पुतळ्याकडे बोट दाखवताना राणीबरोबर त्या घोड्याबद्दलही दोन शब्द सांगा.